मोहाले केवा निघाचं?

पोंभुर्ण्याच्या स्टँडवर आम्ही तिघं चंद्रपूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. येणारेजाणारे सगळे ओळखीचे, पण मला कुठे चाललीस असं एकानंही विचारलं नाही. निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'कुठी' विचारत नाहीत, काम मोडतं म्हणतात. त्यामुळे लोक माझ्या बॅगेकडे बघायचे, मग मायकडे बघायचे, आणि बाबांशी धानाबद्दल दोन शब्द बोलून पुढे जायचे. मायनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात वाळवलेला मोहा बांधून दिला होता. हैदराबादेत मोहाचं मी काय करणार होते, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही नाही.

गाडी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "इचारत राहाजो. माहीत नसलं तं माहीत नाई म्हणजो, लाजू नोको." माय म्हणाली, "पोचली का फोन करजो." संध्याकाळी बल्लारशाला रेल्वे पकडली. कागदाच्या गिरणीचा तो ओला, आंबूस वास गाडी सुटल्यावरही बराच वेळ डब्यात होता. मला वाटत होतं, वास आहे तोवर मी अजून निघालेली नाही. मग कधीतरी डोळा लागला, आणि उघडला तेव्हा चहावाला तेलुगूत ओरडत होता.

गावात राहिलेल्यांना माझं काम समजावून सांगणं मला कधी नीट जमलं नाही, आज पुन्हा प्रयत्न करते. माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांनी हसू नये. पूर्वी इंटरनेटवर काही विचारलं की दहा ठिकाणचे पत्ते मिळायचे, आता सरळ उत्तर मिळतं. असं सरळ उत्तर देणाऱ्या एका सर्च इंजिनवर मी काम करते. मराठीतले प्रश्न आमच्या चौघांच्या टीमकडे आहेत. लोक काय वाटेल ते विचारतात: सोयाबीनवर अळी पडली, बाळ रडतं, नवरा बोलत नाही. अकराव्या मजल्यावर काचेच्या भिंतीशी बसून मी नमुन्याची उत्तरं लिहिते, मशीननं लिहिलेली तपासते, बरोबर असेल त्याच्यापुढे खूण करते. एसी इतका गार की मे महिन्यात अंगावर शाल असते.

आमच्या घरी मात्र प्रश्नाला सरळ उत्तर कधी मिळालंच नाही. बाबा वनखात्यात रोजंदारीवर होते. उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करायच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून रानात पट्टे मोकळे करायचे, हे त्यांचं काम. त्यांना काही विचारलं की ते म्हणायचे, "चाल, पाहू." हे पाखरू कोणतं? चाल, पाहू. तळ्यात पाणी किती? चाल, पाहू. लहानपणी मला या माणसाचा फार राग यायचा. शाळेतल्या बाई कशा, विचारलं की लगेच सांगत.

चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की माय रोज पहाटे टोपली काखेत मारून विचारायची, "आज केवा निघाचं?" बाबा अंगणाच्या कडेला, कुंपणाच्या काट्यांपाशी जाऊन उभे राहायचे. "थांब, आयकू दे." आम्ही थांबायचो. रानाकडून मोहाचा गोड, जड वास यायचा आणि मी मायच्या कमरेला टेकून अर्धी झोपलेलीच असायचे. कधी ते लगेच म्हणत, निघा. कधी वानर खाकरलं किंवा चितळ ओरडलं तर म्हणत, ऊन येऊ दे. कधी काहीच ऐकू आलं नाही तर जास्तच वेळ उभे राहत. वाघाचं नाव आमच्याकडे रानाच्या तोंडाशी घेत नाहीत, 'तो' म्हणतात. त्या वेळी तर बाबा 'तो'सुद्धा म्हणत नसत. रोजचं उत्तर वेगळं असायचं आणि मायनं ते कधी मोडलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, साध्या तापानं. मी पोचले तेव्हा विहारातली माणसं अंगणात बसली होती, आणि कुंपणापाशी, जिथे ते उभे राहत, तिथे कुणीच बसलं नव्हतं. माय माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही. "माये मोहाचे झाडं कोण पाहीन?" म्हणाली. मी तिला एक चांगला फोन घेऊन दिला आणि बोलून प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं. यात तुझी मुलगी काम करते म्हटल्यावर तिनं फोन पदरानं पुसला.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगच्या वेळी, म्हणजे सकाळी दहाला, शेजारच्या शेवंताबाईंचा फोन आला. उचलू नये अशी वेळ, पण शेवंताबाई कारण असल्याशिवाय फोन करत नाहीत. "तुही माय हाय घरी, बरी हाय, पयले आयकून घे," त्या म्हणाल्या. "अंधारातच गेली होती मोहाले. एकटी. तो होता तिथी."

मी जिन्यात जाऊन मायला फोन लावला. ती नुकती चहा पीत होती. तिनं जे सांगितलं ते मी आजवर इतक्यांदा आठवलंय की आता मीच तिथे होते असं वाटतं. ती वाकून फुलं वेचत होती. उजेड नुसता पांढुरका. पाखरू बोलत नव्हतं. मान वर केली तर पलीकडच्या झाडाखाली तो बसलेला. "मीबी बसली," माय म्हणाली. "तो बसला होता, मी बसली होती. मोहा पडून राह्यला होता, टप टप. माया आंगावर पडे, त्याच्याबी आंगावर पडे. मंग उठला न् चाल्ला गेला."

"पण तू अंधारात एकटी काऊन गेली, माय?" माझा आवाज जिन्यात घुमला. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी वर बघितलं.

"फोनले इचारलं," ती म्हणाली. "उजाडाच्या आंधी जा म्हणे, फुलं ताजी भेटते. तूनच तं सांगतलं."

मी जागेवर येऊन शोधलं, आणि माय अक्षरशः खरं बोलत होती. मोहफुलं कधी वेचावीत, याचं नमुन्याचं उत्तर आमच्या टीममध्ये दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. बाकीच्या तिघांनी मोहाचं झाड पाहिलेलं नव्हतं. मोठ्या तोऱ्यात मीच लिहिलं होतं: पहाटे, उजाडण्यापूर्वी. फुलं रात्रभर पडतात, ऊन लागलं की कोमेजतात, गुरं खातात. पुढे बरोबरची खूणही माझीच. एकही शब्द खोटा नव्हता. त्यात फक्त बाबांचं ते कुंपणापाशी उभं राहणं नव्हतं. मायच्या कमरेला टेकून अर्ध्या झोपेत मी जे शिकले, त्यातला फुलांचा भाग तेवढा मी मशीनला दिला. मला स्वतःची फार लाज वाटली. त्या दिवशी कॅबमध्ये मी रडले आणि ड्रायव्हरनं न विचारता गाणी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लीडला म्हटलं, हे उत्तर काढून टाकू, आणि असे जे प्रश्न आहेत, रानाचे, पुराच्या पाण्याचे, विहिरीत उतरण्याचे, तिथे मशीननं सांगावं की मला इथून कळत नाही. तो माणूस चांगला आहे, पण म्हणाला, "उत्तर मिळावं म्हणून लोक येतात आपल्याकडे. माहीत नाही हे काय उत्तर झालं?" मी म्हटलं, माझ्या बाबांचं हेच उत्तर होतं आणि आमच्या घरातलं कुणी कधी रानात गेलं नाही असं झालं नाही, परत आलं नाही असंही झालं नाही. मग महिनोन्‌महिने मी त्याच्या मागे भुणभुण लावली. सगळं नाही झालं. पुराचं अजून अडकलंय. रानाचं झालं.

या चैत्रात आठ दिवसांची रजा टाकून मी गावी गेले. स्टँडवर उतरले तेव्हा कुणी काही विचारलं नाही, नुसतं "आली का?" म्हणाले. हैदराबादेत माझं घर आहे, हप्ते आहेत, बाल्कनीत तुळस आहे, आणि तिथल्या वॉचमनला मी कुठे जाते-येते ते सगळं माहीत असतं. पण 'आली का' तिथे कुणी म्हणत नाही.

पहाटे माय उठली, टोपली काखेत घेतली, आणि माझी मस्करी करायला म्हणून फोन तोंडाजवळ धरून मोठ्यानं म्हणाली, "मोहाले केवा निघाचं?" फोन बोलला. तुमच्या रानात आज काय आहे ते मला इथून कळणार नाही, त्या वाटेची माहिती असलेल्या गावातल्या माणसाला विचारा, सोबतीनं जा. मायनं फोन लांब धरून बघितला. "हे तं तुया बाबावानी बोलते वं," म्हणाली, आणि फोन पदरानं पुसून कोनाड्यात ठेवला.

मग माझ्याकडे वळली. "सांग मंग. केवा निघाचं?"

दिवसभरात अख्ख्या महाराष्ट्राला उत्तरं देणारी मी. कुंपणाच्या काट्यांपाशी जाऊन उभी राहिले. मोहाचा तोच वास होता. लांब कुठेतरी फूल पडल्यासारखं वाटलं, की ते मनातच पडलं, कोण जाणे. शेवंताबाईही टोपली घेऊन फाटकाशी येऊन थांबल्या होत्या. दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि कुणालाच घाई नव्हती.

"मले माहीत नाई, माय," मी म्हटलं. "थांब, आयकू दे."

आणि माय थांबली.