काकाजींची लांबी

काकाजींना रिकामी गाडी चालवताच येत नसे. अकोटहून गावाकडे निघाले की ते एसटी स्टँडजवळ थांबत, काच खाली करत आणि ओळख असो-नसो, हाक मारत, "चाला, कोन येते?" कुणीच आलं नाही तर कुणाचं तरी ढेपेचं पोतं किंवा लग्नघरच्या सतरंज्या तरी मागे टाकून घेत. "रिकामी गाडी अन् रिकामं डोकं, दोन्ही लय वाजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ते माझे सख्खे काका नव्हते, समोरच्या घरात राहायचे. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर मालकाची गाडी चालवली. काम सोडताना मालकाने तीच जुनी स्टेशन वॅगन त्यांना देऊन टाकली. मागे खोलीएवढी जागा असलेली ती गाडी पाहून गावाने तिचं नाव ठेवलं 'लांबी'. दवाखान्यात जाणाऱ्या बाया, परीक्षेला निघालेली पोरं, माहेरपणाला आलेल्या लेकी, सगळे लांबीतून गेले. मीही गेलो. अमरावतीला कॉलेजात नाव घालायचं होतं, तेव्हा काकाजींनीच मला आणि बाबांना नेलं. बाबा मजुरी करायचे. कॉलेजच्या फाटकापाशी ते थबकले, आत पाऊल टाकेनात. काकाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काहून भेता भाऊ? पोरगं आपलं, तं कालेजबी आपलंच." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो. त्या वाटेची सुरुवात मला अजून लांबीच्या मागच्या सीटवरूनच दिसते.

पुढे मी अकोल्यात नोकरीला लागलो. गावात घरोघरी मोटारसायकली आल्या आणि लांबी बहुतेक वेळ निंबाखाली उभी राहू लागली. वर्षानुवर्षं ओझं वाहून तिचे मागचे पाटे बसले होते. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. शॉकअपही गळत होते. खड्डा आला की गाडी आधी खाली आपटायची, मग आतली माणसं वर.

अशात काकाजींच्या लेकीला, अमरावतीच्या शालूला, मुलगी झाली. काकूंच्या मणक्याच्या दुखण्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करता आलं नव्हतं, आणि ही गोष्ट काकूंच्या मनाला फार लागली होती. निदान बारशाला तरी त्यांना जायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जा, पण पाठीला धक्का लागता कामा नये. जावयांनी गाडी पाठवतो म्हटलं, तर काकाजी फुगले. "नातीच्या बारशाले मी आपल्या गाडीनं येईन."

काकू म्हणाल्या, "तुमच्या लांबीत बसल्यापेक्षा मी कोनाच्या डोक्यावरच्या टोपल्यात बसून जाईन. एक जरी धक्का बसला, तं मी उतरून वापस येते, सांगून ठेवते."

मग मी आणि काकाजी अकोल्याच्या भंगार बाजारात फिरलो. नवं सामान परवडणारं नव्हतं. बऱ्यापैकी जुने शॉकअप मिळाले, रबरी बुश तेवढे नवे घेतले. जीपचा एक जाड पाटा काकाजींनी असा निवडला, जसा बाजारात बैल निवडतात. तो जास्तीचा पाटा बसवताना मिस्त्री म्हणाला, "चाचा, इससे खाली गाडी उछलेगी."

काकाजी हसले. "अरे बाप्पा, आपली गाडी रिकामी असतेच कवा?"

आता परीक्षा काकूंच्या पद्धतीने व्हायची होती. त्यांनी ताकाने भरलेला गंज, म्हणजे उभं पातेलं, मधल्या सीटवर ठेवला आणि तो धरायला मला बसवलं. "हे सांडलं नाही, तं मी येते." लांबी निघाली. मागून ती आता चांगली उंच, ऐटबाज दिसत होती. पण गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात ती बकरीसारखी उडाली आणि गंजातलं ताक माझ्या डोक्यावरून खाली आलं.

घरी परतल्यावर काकूंनी मला पाहिलं. "पोरगा धुतल्या गेला. आता माही पाठ तेवढी राहिली." आणि त्या आत निघून गेल्या.

काकाजी निंबाखाली बसून लांबीचे पाटे चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "लांबी बरोबर हाय, बाबू. मीच जुन्या हिशेबानं पाटा टाकला. आता बसते कोन तिच्यात?" त्यांचा एवढा उतरलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग एकदम ते उठले आणि रस्त्यावर जाऊन ओरडले, "चाला, कोन येते?"

माणसं घराबाहेर आली. शेजारच्या अंगापिंडाने भरलेल्या गोदामावशींना काकाजींनी मानाने सगळ्यात मागे बसवलं. कारण समजल्यावर त्या कडाडल्या, "पाटे दाबाले बोलावलं काय रे मले?" तरी उतरल्या मात्र नाहीत. गल्लीतली निम्मी माणसं आत कोंबली गेली, माझ्या मांडीवर पुन्हा ताकाचा गंज आला. लांबी मागून जराशी खाली बसली आणि त्याच खड्ड्यावरून हलकेच डुलत गेली. ताक काठापर्यंत आलं आणि परत फिरलं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी गंजात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग? सगळेच चालता काय बारशाले?"

सगळेच गेलो. काकू पुढे, पाठीला उशी लावून. गोदामावशींनी पाळणे म्हणायला जी सुरुवात केली, ती अमरावतीच्या अलीकडचं वलगाव मागे पडेपर्यंत. अमरावतीत दारासमोर लांबीतून एकामागून एक उतरणारी माणसं पाहून जावई मोजायचे थांबले आणि जिलेबी आणायला धावले. काकू सरळ पाठीने उतरल्या, बाळाला मांडीवर घेऊन बसल्या आणि काकाजींकडे बघून म्हणाल्या, "बरी हाय तुमची लांबी." एवढ्यानेच काकाजी डोळे पुसत उगीच टायर तपासायला बाहेर गेले.

पुढे मोतीबिंदूने त्यांचं गाडी चालवणं सुटलं. मी छोटी गाडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. त्यांनी सीट दाबून पाहिली, मान डोलावली, मग मागे वळून म्हणाले, "गाडी चांगली हाय रे. पन मांगं कोनीच नाही?" त्याच हिवाळ्यात ते गेले.

माझी गाडी रिकामी असली तरी उडत नाही. तिचे स्प्रिंग नवे आहेत. तरी शनिवारी गावाकडे जाताना अकोटच्या स्टँडजवळ माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मी काच खाली करतो.