गेटपासवरचं कारण

आमच्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत हाफ डे म्हणजे एखाद्या दिवसाची गोष्ट. कुणाचा साखरपुडा, दाढदुखी, शाळेतली पालकसभा, एवढंच. तोच रोज मागितला की त्याला पार्ट टाइम म्हणतात, आणि पार्ट टाइमवाला म्हणजे उद्या आला नाही तरी चालेल असा माणूस. म्हणून लकवा मारून आईची वाचा गेली, तेव्हा मी तो शब्द तोंडातून काढलाच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारभर तिच्याशी बोला, तिला बोलतं करा. घिवलीच्या घरात आम्ही दोघीच. सकाळी शेजारची काकी बसायची. मी रोज एक वाजता गेटपास लिहून निघायचे. कारणाच्या रकान्यात सगळे लिहितात तेच लिहायचे, 'वैयक्तिक काम'. आमच्याकडे खरं कारण कुणी लिहीतच नाही. घरचं गाऱ्हाणं वॉचमनने का म्हणून वाचावं?

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. समोर माझ्या पासांचा गठ्ठा. "मॅडम, दूसरी कंपनी में इंटरव्यू चल रहा है क्या?"

माझं डोकंच फिरलं. त्यातला एक पास ओढला, 'वैयक्तिक काम' खोडलं आणि वर लिहिलं, 'आईला बोलायला शिकवते.' पेन टेबलावर आपटलं. नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "पहले बोलना था ना." तीन महिने चार तासांची ड्यूटी, जागा माझीच. बाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारी आम्ही वाडीतले चिकू निवडत बसायचो. मी 'चिकू' म्हणायचे. ती 'चि'पाशी अडायची आणि माझ्यावरच चिडायची. चिडकेपणा आमच्याकडे वारशाने आलाय. हळूहळू सुटे शब्द आले, पण सलग वाक्य काही येईना. अडीच महिने होत आले, तशी माझीही उमेद खचली.

एका दुपारी मी दारात चप्पल काढत होते. आईने मला खालून वर न्याहाळलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "रोज दुपारची घरी येते. नोकरी गेली काय गं तुजी?"

दुसरी चप्पल पायातच ठेवून मी तिच्याजवळ गेले.

"नाय गं आये, हाय," मी म्हटलं. "परत विचार ना."