दसऱ्याआधी हँडल

"दसऱ्याले गाडी हँडलनंच सुरू झाली पाहिजे, भाऊ. अन् ते तुयाशिवाय कोणाले जमत नाही," धाकटा म्हणाला आणि मी फुगलो. स्तुतीनं फुगायची खोड मला लहानपणापासूनची.

गाडी बाबांची, जुन्या काळची. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं, तेव्हा सुरू व्हायची. आमच्या घरचा रिवाज होता: दसऱ्याला आधी हँडल मारायचं, इंजिन बोललं की मगच झेंडूचा हार. बाबा गेल्यावर गाडीचे कागद मी आपणहून धाकट्याच्या नावावर होऊ दिले. ती त्याच्याच अंगणात उभी होती, भावाभावांत काय बघायचं!

दोन वर्षांपासून हँडल घसरत होतं. हार बंद गाडीलाच पडत होता आणि ते मला सलत होतं. मी हँडल घेतलं, ते इंजिनाला जिथं अडकतं तो दातांचा नटही काढला आणि अमरावतीहून अकोल्याची बस धरली. तिथल्या म्हाताऱ्या लेथवाल्यानं हँडलच्या टोकाची आडवी पिन नखानं चाचपली.

"पिन झिजली अन् नटाचे दातबी गोल झाले. एकच केलं तर नवं जुन्याले खाऊन टाकन. दोनी करा लागन."

त्यानं नवी पिन ठोकली, दातांवर वेल्डिंगचा भर घातला आणि कानस घेऊन बसला. दातांना काजळी लावायची, पिन बसवून बघायची, जिथली काजळी पुसली तिथं पुन्हा घासायचं. अख्खा दिवस गेला. मी शेजारी डब्यावर बसून चहावर चहा पीत होतो आणि खरं सांगतो, सुखात होतो.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात एक अनोळखी पाहुणा मोबाइलवर शूटिंग करत उभा होता. असेल कोणी हौशी, म्हटलं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, म्हणजे हँडल उलटं फिरलं तरी हात वाचतो. तिसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. माझे डोळे भरून आले. मी हार घातला.

पाहुण्यानं मोबाइल खिशात टाकला. "झालं! माझ्यासमोर हँडलनं सुरू झाली पाहिजे, एवढीच माझी अट होती. ट्रक बाहेर उभा आहे."

मी धाकट्याकडे वळलो. "इकली? मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू हँडल नीट करून आणलं असतं का?"

नसतंच आणलं. त्यानं मला बरोबर ओळखलं होतं, तेच जास्त लागलं. हारासकट गाडी ट्रकवर चढली. हँडल मी पाहुण्याच्या हातात दिलं, अंगठा कुठे ठेवायचा तेही सांगितलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

संध्याकाळी धाकटा आपट्याची पानं घेऊन माझ्या घरी आला आणि दरवर्षीसारखा पाया पडायला वाकला. दसऱ्याचं सोनं वैऱ्याचंही घ्यावं, असं बाबा म्हणायचे. पानं मी घेतली, पाय मात्र मागे घेतले.