टेपरेकॉर्डरचं वाकडं हेड

सातव्यांदा कॅसेट लावली आणि सातव्यांदा टीव्हीवर तोच मेसेज आला. टेप लोडिंग एरर. प्रमिलाताई समोरच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, चहा घेऊ. उत्तर माहीत नसलं की मी चहा टाकते.

मी शोभा मयेकर. अंधेरीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये बत्तीस वर्षं टीव्ही, व्हीसीआर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त केले. रिटायर झाले आणि नाहूरच्या घरातली आतली खोली जुन्या होम कॉम्प्युटर्सनी भरून टाकली. होम कॉम्प्युटर म्हणजे आताचा पीसी नव्हे. ऐंशीच्या दशकात मिळायचा तो. सगळं मशीन कीबोर्डच्याच डब्यात, स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम ठेवायला गाण्याची साधी कॅसेट. माझ्याकडे असे अकरा आहेत, त्यातले नऊ चालतात. मिस्टर म्हणतात, या घरात माझ्यापेक्षा यांचे सांधे बरे. मी लक्ष देत नाही.

प्रमिलाताई कुर्ल्याच्या. मॅटर्निटी वॉर्डात नर्स होत्या, त्याही रिटायर. त्यांनी रिक्षातून एक खोका आणला होता. त्यात रबरी बटणांचा कॉम्प्युटर, एक चपटा टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट. कॉम्प्युटर त्यांच्या धाकट्या भावाचा. कॉलेजात असताना त्याने त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता, आईला अक्षरं शिकवायला. आई परभणीकडची, पार्ल्यात बिस्किटाच्या फॅक्टरीत पॅकिंगला होती, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चाळिशी उलटल्यावर ती या मशीनवर वाचायला शिकली. पुढे बुद्धवंदनेचं पुस्तक स्वतः वाचायची आणि शेजारणींनाही वाचून दाखवायची.

चार महिन्यांपूर्वी आईला स्ट्रोक आला. हात सावरला, बोलणं बरंचसं आलं, पण अक्षर ओळखू येईना. पुस्तक उघडायची आणि मिटून ठेवायची. थेरपिस्ट म्हणाल्या, पुन्हा अ-आ-ईपासून सुरू करा. ताईंनी बालवाडीचं रंगीत पुस्तक आणलं. आईने ते कॉटखाली सरकवलं आणि म्हणाली, "मी काय लेकरू हाय का?" भाऊ आता कॅनडात असतो, त्याने मोबाइलवर ॲप बनवून पाठवलं. तो मोबाइल उशीखाली गेला. वर आई म्हणाली, माझं ते टीव्हीवरचं आणा.

आता कुणी म्हणेल, भावानेच प्रोग्राम पुन्हा लिहावा. तेही झालं होतं. अडलं शब्दांपाशी. त्या प्रोग्राममध्ये अ अननसाचा नव्हता. प्रत्येक अक्षराला आईने स्वतः शब्द सांगितला होता, तिच्या रोजच्या जगण्यातला. भावाला त्यातले दोन आठवत होते, ताईंना तीन. आईला विचारलं तर तिला सांगता येईना आणि ती रडायला लागायची. बाकी सगळे शब्द त्या एका कॅसेटमध्ये. थेरपिस्टनी असंही सांगितलं होतं, की पहिले सहा महिने सगळ्यात मोलाचे. म्हणजे आमच्या हातात दोन उरले होते.

कॉम्प्युटर मी दोन दिवसांत उभा केला. चाळीस वर्षांच्या मशीनमध्ये कपॅसिटर सुकतात, ते बदलले. कीबोर्डखालची प्लास्टिकची पट्टी तडकली होती, नवी टाकली. आजच्या टीव्हीला लागेल अशी व्हिडिओची वायर काढली. मग टेपरेकॉर्डर घेतला. बेल्ट बदलला, आतली घाण थिनरने पुसली, टेस्ट कॅसेट लावून हेड सरळ केलं. माझ्या हाताखालून गेलेलं मशीन आतून लखलखीत असतं आणि त्याचा मला माज आहे. सरळच सांगते.

आणि एवढं सगळं करून सात वेळा एरर.

माझ्याकडच्या चांगल्या टेपडेकवर लावून पाहिलं, तिथूनही लोड होईना. जुनी टेप दर वेळी थोडी झिजते, तेव्हा उगाच वाजवत बसण्यात अर्थ नव्हता. चहा झाल्यावर मी ताईंना सांगून टाकलं, की टेप खराब झालीय, माझ्या हातात काही नाही. बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना हे वाक्य सांगितलं, पण त्या दिवशी ते जिभेवर जड झालं.

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे आणायच्या आधी मी घरी ही लावून बघितली होती. नुसता आवाज ऐकायला. तेव्हा असा नव्हता."

मी विचारलं, म्हणजे कसा?

"तेव्हा कानात घुसत होता. आता तोंडावर उशी ठेवल्यासारखा येतोय."

मी कप खाली ठेवला. वाट लागली होती आणि ती मीच लावली होती.

जरा समजावून सांगते. टेपरेकॉर्डरमध्ये टेप एका छोट्या धातूच्या तुकड्यावरून सरकते, ते हेड. ते टेपला काटकोनात हवं. किंचित कललं तरी वरच्या पट्टीतले आवाज दबतात. गाणं ऐकताना कळत नाही, प्रोग्राम मात्र लोड होत नाही. पण मूळ रेकॉर्डिंगच कललेल्या हेडवर झालेलं असेल, तर ते तेवढ्याच कललेल्या हेडवर नीट वाजतं. सरळ हेडवर नाही. मी हेड सरळ करून बसले होते.

भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, तो दात घासत होता. विचारल्यावर त्याला आठवलं. मित्राकडून आणलेल्या कॅसेट याच्याकडे लोड होत नव्हत्या, म्हणून त्याने हेडचा स्क्रू त्यांच्या मापाने फिरवला होता. आणि पुन्हा हलू नये म्हणून वर ताईचं नेलपॉलिश लावलं होतं. ताई म्हणाल्या, "तरी म्हटलं माझी बाटली कुठं गेली." तो लाल ठिपका मी पाहिला होता. घाण समजून थिनरने पुसला होता. स्क्रूला हात लावायच्या आधी खूण करा, असं मी सेंटरमध्ये प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, ओरडून सांगायचे. स्वतःच्या घरात मात्र विसरले. ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं नंतर बघू, आधी स्क्रू बघा.

स्क्रू कुठे होता ते आता कुणालाच माहीत नव्हतं. मग उरला एकच उपाय. कॅसेट चालू ठेवायची, स्क्रू केसभर फिरवायचा आणि आवाज सगळ्यात तीक्ष्ण कुठे येतो ते कानाने शोधायचं. माझे कान आता एकसष्ट वर्षांचे, वरच्या पट्टीतलं काही ऐकू येत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण तिथे सांगावं लागलं.

ताईंनी हेडफोन मागून घेतला. म्हणाल्या, वॉर्डात मशीन यायच्या आधी आम्ही पोटावर लाकडी नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायचो. आईचे ठोके वेगळे, पोटातली गुरगुर वेगळी, त्यातून बाळ शोधायचं. त्यांनी डोळे मिटले आणि एक हात वर धरला. मी स्क्रू ड्रायव्हर लावला.

आधी मी उलट्या बाजूला गेले. त्यांनी मान हलवली. परत फिरले. कॅसेट संपत आली. टेप मागे घेतली, पुन्हा सुरुवातीपासून. पाव फेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी त्यांचा हात खाली आला.

"थांबा. हलवू नका. हेच आहे."

मला काही फरक कळला नव्हता. पण मी थांबले. कॉम्प्युटरची वायर जोडली, लोड दिलं. टीव्हीच्या कडेला पट्टे धावायला लागले. पाच मिनिटं लागतात. पट्टे थांबले, स्क्रीन काळी झाली आणि मधोमध एकेक ठिपका उमटत भ तयार झाला. खाली शब्द आला, भाकर. मग न, नळ. प, पाळी. ती फॅक्टरीतली, सकाळची. ताई प्रत्येक शब्दाला हो, हो म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही पुसले, त्यात लपवायचं काय.

तिथल्या तिथे सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग कॉम्प्युटरला मेमरी कार्डची एक छोटी जोडणी केली, म्हणजे कॅसेटची गरजच नाही, बटण दाबलं की प्रोग्राम हजर. अशी जोडणी आता छंदवाले लोक घरी बनवतात. कॅसेट मी ताईंना कागदात गुंडाळून परत दिली.

दुसऱ्या दिवशी मशीन कुर्ल्याला पोचलं. पहिले काही दिवस आई नुसती बघायची. ठिपके जसे पडतील तसं बोट चादरीवर फिरवायची. आठवड्याने भ ओळखला. न आणि त मध्ये अजून गल्लत होते.

तीन आठवड्यांनी मी गेले, कीबोर्डची दोन बटणं अडकतात म्हणून. आईसमोर धडा चालू होता. तो संपला आणि स्क्रीनवर एक ओळ आली. भावाने लिहिलेली, आम्हाला कुणाला आठवतही नव्हती. आई, थकलीस का? हो असेल तर १, नाही तर २.

ताई वाचून दाखवायला पुढे झाल्या. मी त्यांचा हात धरला. आई ओळीकडे बघत राहिली. आ म्हणाली. मग ई. मग थांबली. थ वर अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. ओठ हलत होते. मग आमच्याकडे न बघता तिने अडकणारंच बटण दोनदा जोर देऊन दाबलं. २.

तेव्हापासून माझ्याकडे कुठलंही मशीन आलं की उघडायच्या आधी मी मालकाला विचारते, यात वाकडं काय आहे आणि ते कुणी केलं? लोकांना वाटतं म्हातारी विसरभोळी झालीय. वाटू दे.