पायरीवरचं तेल

अनुभव सांगायचा म्हटलं की माणसं आपल्यावर देवाची कृपा कशी झाली ते सांगतात. माझ्यावरही झाली. पण ती सांगायची तर आधी मी काय केलं ते सांगावं लागतं, आणि तिथंच हात अडतो. दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा स्वतःला जरा बरं दाखवलं आणि कागद फाडले. आज जसं घडलं तसं लिहितो.

माझं मूळ गाव औंढे. नोकरीमुळे लोणावळ्यात घर केलं, पण दर रविवारी सकाळी भैरवनाथाच्या आरतीला गावी जायचं हा नेम वीस वर्षांत क्वचितच मोडला. बाजारातून हार, नारळ, पेढे मीच न्यायचो, प्रसादही मीच वाटायचो. त्यामुळे गावात मान होता आणि तो मला आवडायचा. बाकीचे लोक गाड्या खाली पिंपळाजवळ लावत. मी माझी जुनी मोटरसायकल थेट देवळाच्या पायऱ्यांना भिडवायचो. देवाचं सामान आहे, असं म्हणायचो; कुणी हटकायचं नाही.

गेल्या वर्षी त्या गाडीच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. डाव्या अंगाला, गिअरच्या दांड्यापाशी. स्टँडवर तिरकी उभी केली की थेंब पडायचे. गॅरेजात नेऊन दोन दिवस गाडी अडकवून ठेवायचा मला कंटाळा. मी चिंधी कोंबली, वरून लाकडाच्या भेगांत भरतात ती लांबी थापली. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा गळती. लग्नाच्या मांडवात, शेजाऱ्याच्या फरशीवर, कुठंही डाग पडला की मी पायानं माती सरकवायचो आणि निघायचो.

एका रविवारी आरती झाली आणि गुरव आबा तीर्थाचं तांब्याचं भांडं घेऊन पायऱ्या उतरत होते. शेवटच्या, जमिनीसपाट पायरीवर त्यांचा पाय सटकला. ते हातावर पडले आणि मनगट मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मी जवळच होतो. त्यांना उचलायला वाकलो तर माझीच चप्पल सरकली. खाली पाहिलं. काळ्या दगडाच्या खळग्यात तेल चमकत होतं आणि त्याचा ओघळ माझ्या गाडीखालून आला होता. दोनच दिवसांपूर्वी मी ऑइल बदललं होतं. नवं ऑइल काळं नसतं, मधाच्या रंगाचं असतं, दिव्यातल्या तेलासारखंच.

"हितं त्याल सांडलंय की!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. दारात हौसामावशी उभी होती, हातात तेलाची बुधली. मावशी सत्तरीची. नंदादीपात तेल घालायची सेवा तिच्या सासूपासून तिच्याकडे आलेली. दर रविवारी ती याच पायऱ्यांनी बुधली घेऊन चढायची. तिनं पायरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"माज्याच हातनं सांडलं आसंल," ती म्हणाली. "वय झालं माजं. मला कळलं न्हाई."

माझं तोंड उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता मी आधी गाडी बाजूला घेतली, मग बादली आणली, साबणाची पूड टाकली आणि ती पायरी घासून लख्ख केली. वास कुणाला येऊ नये म्हणून दोनदा घासली. लोक म्हणाले, बघा, एवढा साहेब माणूस, पण देवाच्या दारी हातात खराटा घेतला. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढच्या रविवारी मावशीनं बुधली गुरवांच्या सुनेच्या हाती दिली आणि स्वतः मागं, खांबाला टेकून बसली. मी आबांना भेटायला मोसंबी घेऊन जायचो. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ते दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे. गाडी आता पिंपळाजवळ लावायचो. देवापुढं डोळे मिटले की मनात म्हणायचो, तुला तर सगळं ठाऊकच आहे. देवाला ठाऊक आहे म्हणजे झालं, माणसांना सांगायची काय गरज, असा तो माझा हिशेब. दोन महिने असेच गेले. आरती तोंडानं म्हणत होतो, पण मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहवत नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी मी आंबीला मेहुण्याकडे निघालो. अर्धी वाट सरली तेव्हाच इंजिनाचा आवाज खडखडीत झाला होता. आंबीच्या अलीकडे गाडी एक आचका देऊन बंद पडली. खाली पाहतो तर लांबी गळून पडलेली आणि चाकापर्यंत सगळं तेलानं माखलेलं. ऊन चढत होतं. ढकलत ढकलत थोडा पुढं गेलो, तर एका घराच्या पडवीत एक गृहस्थ औषध फवारायचा पंप खोलून बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजी फुलं. मी काही विचारायच्या आत ते उठले, गाडीपाशी आले आणि उकिडवे बसून खालून बोट फिरवलं.

"ऑइलच न्हाई राहिलं, भाऊ. आनखी थोडी पळवली आसती तर इंजिनच जाम झालं आसतं. या, सावलीत घ्या."

कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, आता शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करतो, असं त्यांनी सांगितलं. मला पाणी दिलं आणि कामाला लागले. गिअरचा दांडा काढला, साखळीवरचं झाकण काढलं. आतलं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. जुन्या गाड्यांची सीलं त्यांनी एका डब्यात जपून ठेवली होती, मापाचं निघालं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. इंजिनाची हवा बाहेर पडायची एक बारीक नळी असते, ती त्यांनी ओढून काढली आणि तारेनं टोकरली. आतून मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीनं घर केलं होतं.

"हे बगा. वाफ कोंडली की ती त्यालाला ढकलती. तुमी भायेरनं कितीबी थापा, कुटनं तरी निघनारच."

मी हो हो म्हणत होतो. त्यांनी सील बसवलं, कापडानं सगळं पुसलं, ऑइल भरलं. मग सहज, बोल्ट आवळता आवळता, वर न बघता विचारलं, "लय दिस गळत व्हती दिसतंय. कुनी पडलं-बिडलं न्हाई ना?"

दोन महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नाही म्हणणं किती सोपं होतं. तो माणूस माझ्या गावचा नव्हता, माझ्या देवळाचा नव्हता, पुन्हा भेटेल याचीही खात्री नव्हती. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "पडले. एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट मोडलं."

त्यांचा पाना थांबला. "तुमी सांगितलंत?"

"नाही. दुसरीवर आळ आला."

त्यांनी उपदेश केला नाही, रागावलेही नाहीत. बोल्ट पुरता आवळला, किक मारली. गाडी एकदम मऊ आवाजात सुरू झाली. मग हात पुसत एवढंच म्हणाले, "आता कुटंबी जाईल ही. तुमी कुटं निघालावता?"

मेहुण्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं. मी गाडी उलटी वळवली.

औंढ्यात पोचलो तेव्हा हौसामावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

"दोन म्हयने," ती म्हणाली. "दोन म्हयने मी भरल्याला तांब्या उचलला न्हाई. च्या वतायची झाली तर सुनंला हाक मारती. माज्या आईचं हात आसंच थरथरून गेलं व्हतं, तसंच माजं झालं म्हनून मी रडली. लेकीनं डाक्टरकडं न्हेलं. डाक्टर म्हनला, काय बी झालं न्हाई, तरी मला पटंना. आन तू पायरी धुत व्हतास."

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. ती म्हणाली नाही. "मला कशाला सांगतोस? उद्या आरतीला सांग. समद्यांनी माज्याकडं बगितलं व्हतं, आता तुज्याकडं बगू दे."

तिथून आबांकडे गेलो. ऐकता ऐकता ते मनगट चोळत होते. मग म्हणाले, "तुजी मोसंबी खात व्हतो रं मी. तुला आशीर्वाद देत खात व्हतो." यापेक्षा त्यांनी हात उगारला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी देवाकडं पाठ करून लोकांपुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं, गाडी, गळती, पायरी, साबण. सांगून झालं असं वाटून मान वर केली, तर मागच्या ओळीतून एका बाईचा आवाज आला, "मोठ्यानं बोला की, मागं काय बी ऐकू येईना!"

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. कुणी हसलं, कुणी उठून गेलं. मावशीनं खांबाला टेकूनच सगळं ऐकलं. प्रसाद त्या दिवशी दुसऱ्यानं वाटला.

मावशी पुन्हा दिव्यात तेल घालते, पण माझ्याशी अजून मोजकंच बोलते, आणि ते बरोबर आहे. गावात पूर्वीचा मान राहिला नाही. मी आता मागच्या ओळीत बसतो. शरण जाणं म्हणजे मूर्तीपुढं डोकं टेकवणं, असं मी वीस वर्षं समजत होतो. ते तर सोपं होतं, मूर्ती उलटून काही विचारत नाही. त्या सकाळी एका भल्या माणसाच्या तोंडून मला प्रश्न विचारला गेला, आणि खोटं बोलायची इतकी सवय असूनही जिभेवर खरं आलं. ते माझ्या बळानं आलं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. देवाकडं आता फारसं काही मागत नाही. मी गप्प बसलो तर मला विचारणारं कुणीतरी भेटू दे, एवढंच मागतो.