एका पानाच्या गोष्टी

गल्लीत सगळे त्यांना शिंपीकाका म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. वाचनाचं वेड तिचं. फोडणी टाकून पुस्तक उघडायची, आणि भाजी करपल्याचा वास आधी पुढच्या खोलीत, मशीनवर बसलेल्या काकांना यायचा. "आयुष्यभर कोळसे खाल्लेत मी," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेही कौतुकाने.

सत्तरी ओलांडली आणि तिला विसरण्याचा आजार जडला. पान उलटलं की मागचं पुसलं जायचं. एकदा तिने पुस्तकच भिंतीवर भिरकावलं. "लिहिणाऱ्याला अक्कल नाही मेल्याला!"

काकांनी डोकं लढवलं. एका पानात संपणाऱ्या गोष्टी शोधल्या, झेरॉक्सवाल्याकडून अक्षरं मोठी करून आणली आणि एका वेळी एकच पान तिच्या हातात दिलं. जमलं! ती मोठ्याने वाचायची, शेवटाला खुदकन हसायची. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तेच हसू. काका मशीन थांबवून विचारायचे, "मग पुढे काय झालं गं?"

वर्षभर बरं चाललं. मग अक्षरंच तिला अनोळखी झाली. आता काका वाचू लागले, बोट ठेवून, अडखळत. "सासरा बिळात शिरला..."

"सासरा नाही हो, ससा!"

काका हरखले. पुढे कितीदा तरी त्यांनी मुद्दाम सासरा बिळात घातला. पण चूक तिने पुन्हा धरली नाही.

एका दुपारी त्यांना पाहून तिने अंग चोरलं. "काका, तुम्ही निघा आता. आमचे हे येतील."

"येऊ देत," काका कसेबसे म्हणाले. "तोवर एक गोष्ट वाचू?"

"वाचा. पण दार उघडं ठेवा."

पुढे ती कागद चावायला लागली. एकदा घशात बोळा अडकला, जीव थोडक्यात वाचला. लेकीने तिला शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे नर्सने पानं काढूनच घेतली. तेव्हा काका पाठ असलेल्या गोष्टी सांगू लागले. ती कधी त्यांच्याकडे बघायची, बहुतेकदा भिंतीकडे.

एका सकाळी ते पोहोचले, तर खाटेवरची चादर काढलेली होती.

"बाबा, शेवटपर्यंत ऐकत होती हो ती तुमचं," लेक रडत म्हणाली.

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले. "तुलाही नाही. उगाच काही बोलू नकोस."

मशीनवर ते पुन्हा बसले नाहीत. गिऱ्हाइकांची कापडं लेकीने घरोघर परत केली.