दोन गुणांचा प्रश्न

नागरिकशास्त्राच्या बाई शिकवून शिकवून पिकल्या, तरी नोकरी अजून तासिका तत्त्वावरच. सुट्टीत त्या पेपर तपासायला जायच्या. तिथला पंखासुद्धा माणूस बघून वारा घालायचा. तो कायम नोकरीवाल्यांच्या डोक्यावर, बाई दाराशी.

त्या दिवशी एका पेपरावर त्यांचं लाल पेन अडलं. प्रश्न सोपा होता: अन्याय झाल्यास दाद कोठे मागाल? नमुना उत्तर, न्यायालयात. गुण दोन. कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कुठेच नाही. आजोबांनी मागितली होती. आता बाबा मागतात.'

बाई उठून मुख्य परीक्षकांकडे गेल्या. "सर, एखादा गुण द्यावा म्हणते."

"कशाबद्दल?"

"खोटं नाही लिहिलेलं."

सरांनी वाचलं आणि उगाचच चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचेही हात दगडाखाली. "बाई, आपण खरं-खोटं तपासत नाही, पेपर तपासतो. उत्तर काय आहे?"

"न्यायालयात."

"मग झालं तर."

पेपर कोणाचा ते कळायची सोय नव्हती. नंबरावर कागद चिकटवलेला. बाईंनी शून्य दिलं.

संध्याकाळी गठ्ठा परत करताना त्या पुन्हा सरांसमोर उभ्या राहिल्या. "उद्या अर्धा दिवस सुट्टी हवी होती. कोर्टात माझ्या नोकरीच्या केसची तारीख आहे."

"अजून चालू आहे ती?"

"हो. आमच्या वकिलांचा मुलगा बघतो आता."